कानातला वारा

“ह्या कोण खरा मानूचो नाय,” महादूने नेहमीसारखं आधीच जाहीर करून टाकलं, “पण एका टायमाक दोन वाद्या वाजवलेलो माणूस मी. तोंडान ट्रम्पेट, कानान शीळ!”

घरापुढच्या खळ्यात बसलेला किरण हसला आणि हसता हसता कानातला कापूस दाबून धरला. दोघे एकाच बँडचे. म्हातारा महादू वाजवायचा थांबला तेव्हा त्याची जागा किरणला मिळाली, आणि आता दुखणंही तेच मिळालं. कानाच्या पडद्याला भोक. ओरोसच्या डॉक्टरने गेल्या आठवड्यात ठिगळ लावलं नि बजावलं, तीन महिने फुंकायचं नाही. शनिवारी तर देवगडला लग्न. वाजवावं की नाही, हे विचारायला तो आला होता.

“खरा सांगतंय. फुकलंय काय अर्धो वारो कानातसून भायर! फोंड्याच्या वरातीत बाजूक गॅसबत्तीवालो. वरची पट्टी लावलंय, तशी फुस्स करून बत्ती इझली. नवरो काळोखात भलत्याच मांडवात शिरलो. जेवणय झाला त्याचा थंय!”

पडवीत कुळीथ निवडत बसलेली प्रेमलता खुदकन हसली. माहेरी आली की बापाच्या थापा ऐकत बसायला तिला आवडे.

“मगे ऑपरेशन केलात ना तुमी?” किरणने विचारलं.

“केलंय तर. माकाय ठिगळच लावल्यानी.”

“मगे तो उजवो कान अजून बंद कसो? तीन म्हयन्यांच्या मधीच वाजवलात काय?”

महादूने पडवीकडे पाहिलं. खरं सांगावं तर पोर ऐकत होती. जन्मभर त्याने थापा मारल्या, पण एखादी इतकी जड कधी गेली नव्हती.

“छ्या! ट्रम्पेट खुंटयेक टांगललो. कोळ्यान आत संसार मांडल्यान, पोरा झाली त्याका. मी होटाक लावूक नाय. ठिगळ आपसूक सुटला.”

“म्हणजे न वाजवताय सुटता?” किरणचा चेहरा उजळला. “मगे गप बसान फायदो काय?”

त्याने पिशवीतून ट्रम्पेट काढला, फडक्याने त्याचं तोंड पुसलं आणि ओठांना लावला.

महादूचा हात वर उठला.

सूप खाली ठेवून प्रेमलता उठली. उजवीकडून हाक मारून उपयोग नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ती बापाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

“ठिगळ लावल्यावर डॉक्टरान वाजवूक परवानगी दिल्यान म्हणान सांगितलात माका,” ती म्हणाली. “बाबा, कोळी होतो ना त्या ट्रम्पेटात? मगे माज्या वरातीफुडे वाजवल्यान कोणी?”