फणसाचा पाट

काशीरामने पाट काउंटरवर ठेवला. "दुसरा नाय, बाय. जळला तर संपलं."

तेजलच्या लेझरने कोरून देण्याच्या दुकानात ॲक्रिलिक, चामडं, करवंटी, सगळ्यांची लेझर सेटिंग भिंतीवर लिहिलेली होती. तेल पिऊन काळा पडलेला फणसाचा पाट त्यात कुठून असणार?

"चंपाचा आहे, माझ्या बायकोचा," म्हातारा म्हणाला. "शिमग्यानंतर गेली ती. तिच्या पेटीत ही चिठ्ठी होती. जशीच्या तशी कोर, खोल. डोळे गेले माझे. बोटांनी वाचीन."

त्याने चिठ्ठी पुढे केली. तेजलने मनात वाचलं. 'पोरीला जपावे. वाट बघू नये. परत येणे होणार नाही.'

तिला गलबलून आलं. मरणाआधी बाईने किती मन घट्ट केलं असेल!

काशीराम बाकावर बसला. तेजलने पाट पालथा घालून खालच्या बाजूला चाचणी घेतली. पॉवर तीस, स्पीड दोनशे. नुसता ओरखडा. पॉवर सत्तर केली तशी तेलाने भपकन पेट घेतला. तिने झाकण उघडून ओल्या फडक्याने ज्वाळ दाबली.

"काय झालं?"

"काही नाही, काका. बसा तुम्ही."

शेवटी पॉवर पंचेचाळीस, स्पीड ऐंशी, हवेचा झोत पूर्ण, एकावर एक तीन फेऱ्या. कड स्वच्छ आली, नख बसेल इतकी खोल.

तिने पाट सुलटा केला. चिठ्ठीची अक्षरं स्क्रीनवर होती. रोज उठून म्हाताऱ्याने 'परत येणे होणार नाही' चाचपायचं? तिने पुढच्या दोन्ही ओळी पुसल्या आणि बटण दाबलं.

काशीरामने अक्षरांवरून बोटं फिरवली. 'जपावे'पाशी थांबली. पुढे कोऱ्या लाकडावर शोधत राहिली.

"बाकीचं?"

"लाकूड जळत होतं पुढे."

"खोटं बोलू नको."

तेजलने मान खाली घातली. "रोज तेच वाचून जिवाला लागेल तुमच्या, काका. त्यांनी ते लिहिलं तेव्हा..."

"लागायलाच हवं. कोर ते." त्याने पाट तिच्याकडे सरकवला. "चिठ्ठी तिची नाय, बाय. पोर पाळण्यात होती, तेव्हा मी ठेवून गेलो होतो."