सात थरांतली पावलं

एकाच टेकडीच्या सात थरांत ताईला सात ठसे सापडले होते, वेगवेगळ्या वर्षी, प्रत्येक थरात एकच पाऊल. थराथरांत लाखो वर्षांचं अंतर, म्हणून तिने सात प्राणी मानून सात बारशी केली. उभा जन्म त्यातच गेला.

आज साचे घ्यायचे म्हणून तिने त्या ठशांच्या दगडी लाद्या प्रथमच तळच्या थरापासून वर अशा ओळीने मांडल्या. डावं, उजवं, डावं, उजवं. प्रत्येकाचं मधलं बोट अर्ध्यावर तुटलेलं.

"अरे, हा एकच आहे," ती पुटपुटली. "वर चढत आलाय."

"ताई, लाखो वर्षं कुणी जिना चढतं का?" साचे ओतणारा तिचा धाकटा भाऊ हसला.

शेवटची, सर्वांत वरच्या थरातली लादी डाव्या पावलाची होती. ती प्लास्टरच्या ट्रेमध्ये दाबायला तो दाराकडे वळला आणि तिथेच थिजला.

"ताई, आत कुणी आलं होतं?"

"दार तूच तर लावलंस आतून."

दारापाशी ट्रेमध्ये मघाशीच ओतलेलं प्लास्टर अजून ओलं होतं. त्यात एक उजवं पाऊल उमटलं होतं. मधलं बोट अर्ध्यावर तुटलेलं, आणि रोख खोलीच्या आत.