अण्णांचं बंदर

अमावस्येच्या सकाळी समुद्रापासून दूर, आंजी गावातल्या आमच्या घरी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, चहा बशीत ओतला. "आज बंदराले उधाण असन," ते म्हणाले. कोकणातल्या त्या जुन्या बंदरावर त्यांनी वीस वर्षं मास्तरकी केली, गावाचा इतिहास लिहिला. आमच्याकडे ते सुट्टीत यायचे. मी त्या गावावर जळत वाढले, पण बोलले कधीच नाही.

"अण्णा, माहा वाढदिवस कधी असते?"

"तुह्या मायले विचार," ते हसले.

दुसऱ्या दिवशी ते वारले. आठवड्याने बंदरावरून होडीवाल्या तांडेलांचा फोन आला. "ताई, अस्थी इथं आणा. आमची गलबतं ओहोटीलाच निघायची, गुरुजींनाही तसंच सोडू."

"नाई," मी म्हणाले. "वीस वर्षं तुम्हीच ठेवले त्यांले. आता मले पाहिजेत माहे अण्णा."