स्टुलांचं वाक्य

"टेक अवे," फळ्यावर लिहून बाईंनी हाताला लागलेला खडू झटकला. "म्हणजे उचलून नेणं. कोण वाक्यात वापरतंय?"

वर्ग म्हणजे हॉटेलच्या तळघरातली धुलाईची खोली. फळा चादरींच्या मांडणीला टेकवलेला. विद्यार्थी उभे. इस्त्रीच्या टेबलांमागची स्टुलं साहेबांनी सोमवारी काढून नेली होती. बसून काम केलं की हात मंदावतात, असा त्यांचा अभ्यास होता. अभ्यास त्यांनी बसून केला होता. आज ते वर्गाची प्रगती पाहायला स्वतः खाली आले होते आणि सोबत आणवलेल्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते.

बाई इंग्रजी शिकवायला आठवड्यातून एकदा यायच्या. आज सगळे उभे दिसले तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला मान देताहेत. त्या जरा लाजल्याही.

इस्त्रीवाल्या मावशीने हात वर केला. "साहेब टेक अवे अवर स्टूल्स."

"टुक! होऊन गेलेली गोष्ट आहे ना? पण फार छान. चला, सगळ्यांनी."

बाईंची पद्धत ठरलेली होती. एकाने वाक्य करायचं, बाकीच्यांनी ते मोठ्याने म्हणायचं, आणि म्हणताना तशी कृतीही करायची. कृती केली की शब्द अंगात मुरतो म्हणे. मागच्या वेळी 'वेक अप'ला अख्खा वर्ग डोळे चोळत जागा झाला होता. मशीनवाला तर खरोखरच.

"साहेब टुक अवे अवर स्टूल्स!" वर्ग गरजला, आणि जो तो हवेतलं स्टूल उचलून दारापाशी ठेवून आला.

साहेबांचा वरचा पाय खाली आला. "बाई, जरा रोजच्या वापरातली वाक्यं घ्या की."

"रोजच्याच वापरातलं आहे, सर," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. "आता हे. पुट अप विथ. म्हणजे सहन करणं, चालवून घेणं."

"वुई विल नॉट पुट अप विथ इट," चादरींच्या घड्या घालणारी पटकन म्हणाली. एरवी ती हजेरीलासुद्धा मान हलवून भागवायची.

"अगं, किती सहज आलं तुला!"

वर्गाने वाक्य उचललं. चालवून न घेण्याची कृती कोणती, हे मात्र बाईंना सुचेना. मशीनवाल्याने हाताची घडी घातली. मग सगळ्यांनीच घातली.

साहेब हसले. त्यांच्याकडे रागावण्याचं वेगळं हसू होतं. "मावशी, वर्षअखेरीला परीक्षा मी घेणार आहे. नापास होईल त्याला घरी बसवणार. कानावर आहे ना?"

"म्हणून तर एवढं मन लावून शिकतोय, साहेब."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "आता शेवटचं, आणि अगदी सोपं. सिट डाउन. मावशी, तुम्हीच."

मावशीने आधी मागे वळून इस्त्रीचं बटण बंद केलं. शेजारणीने आपल्या इस्त्रीचं केलं. मशीनवाल्याने दोन्ही मोठी मशीनं थांबवली. त्या खोलीत इतकी शांतता कधी कुणी ऐकली नव्हती. वरून कुठलासा नळ ठिबकत होता, तोही ऐकू आला.

"वुई सिट डाउन."

वर्ग म्हणाला, आणि बसला. ओल्या फरशीवर, ऐसपैस.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा सर! कृतीसकट!"

भिंतीवरचा फोन वाजू लागला. वरच्या मजल्यांना चादरी हव्या होत्या. खोलीत कुणी नसावं तसा तो वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. साहेब ताडकन उठले.

"गेट अप!" त्यांनी खोली डोक्यावर घेतली. "गेट अप, ऑल ऑफ यू!"

कुणी हललं नाही. मावशीने चपला काढून शेजारी ठेवल्या आणि पाय लांब केले. घोटे सुजून चांगले गुडघ्याएवढे झाले होते.

"नुसता शब्द नाही चालत, साहेब," ती म्हणाली. "वाक्यात वापरा. आणि त्यात स्टूल आलं पाहिजे."

बाईंनी मावशीच्या पायांकडे पाहिलं. मग टेबलांमागे पाहिलं. फरशीवर स्टुलांच्या पायांचे गोल डाग तेवढे उरले होते. बाईंच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी फळा कोरा पुसला, आणि खडू साहेबांपुढे धरला.