बिनपायांचा संच

"हा संच कुणी घेत नाही हो," तिने आणलेल्या खोक्याचं झाकण उघडताच दुकानाचा मालक म्हणाला. जुनी खेळाडूंची कार्डं विकायचं-घ्यायचं त्याचं छोटंसं दुकान होतं. "आमच्यात याला बिनपायांचा संच म्हणतात. फुटबॉलची कार्डं, आणि पायांचाच पत्ता नाही."

त्याने सवयीने तीन कार्डं पारदर्शक पाकिटांत सरकवून काउंटरवर मांडली. गोलरक्षक, बचावपटू, कर्णधार. चेहरे बोलके, जर्सीचे रंग अजून ताजे. आणि गुडघ्यांखाली एक रुंद, फिकट राखाडी पट्टा, पार कोरा. नाव-क्रमांक सगळं मागच्या बाजूला.

"निदान नाव तरी घालायचं तिथे. ज्याने हे केलं त्याला एक तर फुटबॉल कळत नसणार, नाहीतर घरी जायची घाई असणार."

"माझ्या वडिलांनी केलं," ती म्हणाली.

मालकाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माफ करा, ताई. माझ्या तोंडाला लगाम नाही."

"नाही, बोला ना. मी तेच विचारायला आले. असं का केलं असेल त्यांनी?"

वडील गेल्यावर तिने घर आवरायला काढलं होतं. बहुतेक वस्तूंचं काय करायचं ते ठरलं. राहिल्या त्या दाराशी काढलेल्या त्यांच्या चपला, उजवीचा अंगठा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, आणि हे खोकं. वडील छापखान्यात मांडणीचं काम करत. निमंत्रणपत्रिकेतली एक ओळ केसभर सरकली तरी त्यांना घास गोड लागत नसे. बिस्किटांच्या पुड्यांत घालायची ही कार्डं मात्र त्यांनी अशी करून ठेवली, आणि त्या बिस्किटांच्या कारखान्याने पुन्हा त्यांना काम दिलं नाही. 'अख्ख्या संघाचे पाय एका फटक्यात. खाटकालाही जमलं नसतं,' आई म्हणायची. ते नुसते हसत. लहानपणी तिनेही विचारलं होतं, बाबा, यांचे पाय कुठे गेले? तुला काय वाटतं, त्यांनी उलट विचारलं. तिने कपाटातलं छायाचित्रणाचं जाडजूड पुस्तक चाळलं आणि कॅमेरा फार जवळ धरला असावा, असं उत्तर आणून दिलं.

"असेल," ते म्हणाले होते.

खोकं आज देऊन टाकायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. पण कारण न कळताच दिलं, तर त्यांचं काम कायमचं 'बिनपायांचं' राहणार होतं.

तिने गोलरक्षकाचं कार्ड पाकिटातून बाहेर काढलं.

"कडेला धरा हं," मालक घाईने म्हणाला. "बोट उमटलं की कार्ड गेलं."

तिने कडेला धरलं नाही. वडील कुठलाही कागद आधी अंगठ्याने बघत, मग डोळ्यांनी, दवाखान्यातला कागदसुद्धा. तिने तसाच अंगठा फिरवला. चेहऱ्यावरून, जर्सीवरून तो सुळकन घसरला. पट्ट्यावर आला आणि अडला.

"इथे वार्निशचा गुळगुळीत थर नाही."

"बघू." मालकाने बिचकतच बोट टेकवलं. "अरेच्चा. म्हणजे छपाईतही घोळ. वार्निश खालपर्यंत पोचलंच नाही."

"सगळ्या कार्डांवर? इतक्या सरळ रेषेत?"

त्याने दुसरं कार्ड घेतलं, तिसरं घेतलं. मग पाकिटं बाजूला सारून खोक्यातली चार-पाच एकदमच चाचपली. बोटांचे ठसे सगळीकडे उमटले.

"मुद्दाम सोडलंय," तो हळूच म्हणाला. "वार्निशवर पेन्सिल उमटत नाही, शाई फिसकटते. हे लिहिण्यासाठी आहे. सही! खेळाडूची सही घ्यायला. आणि पुड्यावर तसं छापायला कुणीतरी विसरलं."

तिला ते आवडलं. पण मनात कुठेतरी ओळ केसभर सरकलेलीच राहिली. "सहीला एवढी जागा? कार्डाचा तिसरा हिस्सा?"

मालकाला काहीतरी आठवलं. मग खाली वाकला आणि काउंटरखालून बुटांचं एक जुनं खोकं ओढून काढलं. "खराब माल आहे. याच संचातला. पोरांनी गिरगोटून ठेवलेला. विकला जात नाही आणि टाकवतही नाही."

त्यात सही एकही नव्हती.

कर्णधाराच्या गुडघ्यांखाली नाडी सुटलेले बूट होते. एका बचावपटूला पावसाळी गमबूट. एकजण घोट्यांपर्यंत पाण्यात, आजूबाजूला मासे. एकाला एकच पाय, पण त्याला चेंडू चिकटलेला. एका गोलरक्षकाला कोंबडीची तीन-तीन बोटं. काढणारे हात निरनिराळे, रंग निरनिराळे, आणि सगळं नेमकं त्या पट्ट्यात बसलेलं.

दोघं त्या खोक्यावर वाकून राहिली. कोंबडीपाशी मालकाला फिस्सकन हसू आलं.

"आणि मी इतकी वर्षं हे खोडरबराने पुसायच्या विचारात," तो म्हणाला.

तिने आपलं कोरं कार्ड समोर ओढलं. "पेन्सिल आहे?"

"किंमत जाईल, ताई."

"तशीही कुणी घेत नाही म्हणालात."

त्याने गल्ल्यामागून पेन्सिल शोधली, टोक केलं आणि तिच्यापुढे ठेवली. ती स्टुलावर बसली. डावा पाय थोडा वाकडा आला, उजवा बरा जमला.

"बूट कुठले?" मान तिरकी करून मालकाने विचारलं.

बूट नव्हतेच. गोलरक्षकाच्या पायांत चपला रेखाटून झाल्या होत्या. आता ती उजव्या चपलेच्या अंगठ्यावर, डोळे अगदी जवळ नेऊन, एकेक टाका घालत होती.