वाण नाही, पण गुण

औषध कंपनीत मी उंदरांची भीती मोजायचे. एकाला विजेचा झटका दिला, की शेजारच्या पिंजऱ्यातून ते बघणारे काळे उंदीर जागीच थिजायचे. पांढरे मात्र निवांत खात बसायचे.

"वाणाचा फरक, बाई," उंदीर सांभाळणारे कोंडीराम म्हणायचे.

त्या गुरुवारी सगळ्या पिंपरीची वीज बंद होती. झटक्याचा पिंजराही रिकामा होता. कोंडीराम दाणा घेऊन आत आले आणि काळे थिजले. मग, पहिल्यांदाच, पांढऱ्यांचंही कुरतडणं थांबलं. सगळे कोंडीरामांकडेच बघत होते.

"ह्यांना काय दिसतंय?" कोंडीराम हसले. "मी तर धडधाकट हाय. व्हय ना, बाई?"

मी मान हलवायला गेले. ती हलेना.