टाचण्या तोंडात असताना

विमान जोडताना ऑरिनच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. बायकोनं, व्हर्नानं, गॅरेजच्या दारातून काही विचारलं की पठ्ठ्या रिमोटनं विमानाची शेपटी हलवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

तो गेल्यावर त्याचं शेवटचं विमान धाकट्या भावानं, डॉयलनं, पुरं केलं.

"वहिनी, आज उडवतोच."

"आणि पाडलंस म्हणजे? एवढंच तर उरलंय त्याचं. तुला हात तरी लावू दिला असता का त्यानं?"

शेपटी दोनदा हलली.

"चावटपणा पुरे हां, डॉयल!"

"वहिनी, विमानाची बॅटरी माझ्या खिशात आहे."

व्हर्ना विमानाजवळ वाकली. "मग कोण उडवणार रे? तू?"

शेपटी एकदा हलली. फळीवरच्या बंद रिमोटची कांडी, अंगठ्यानं ढकलावी तशी, हळूच पुढे सरकली.

विमानाचा पंखा फिरायला लागला.